पावडीला घातलेली चप्पल

माझ्या हातची चप्पल पायात असली तरी घालणाऱ्याला ती कळत नाही. बाजारातल्या चप्पलवाल्याला गिऱ्हाईक दोन पावलं टाकून सांगतं, अंगठ्याला लागते, टाचेत ढिली आहे, पट्टा रुततो. मी एकतीस वर्षं चपला केल्या आणि असं सांगणारं गिऱ्हाईक मला एकदाही भेटलं नाही. माझी गिऱ्हाइकं म्हणजे कुष्ठरोगातून बरी झालेली माणसं. रोग औषधानं गेलेला असायचा, पण जाताना पायाची जाणीव घेऊन गेलेला असायचा. त्यामुळे माझं काम साधलं की फसलं, हे मला त्यांच्या तोंडावरून कळत नसे, तळव्यावरून वाचावं लागे. तीन महिन्यांनी तळवा कोरा दिसला तर मी पास. जखम दिसली तर नापास.

आमच्या चर्चच्या मंडळीच्या नाताळ अंकाचे संपादक म्हणाले, "शांतवनभाऊ, देवानं तुम्हाला कसं चालवलं त्याची साक्ष लिहा." मी हसलो. मी आयुष्यभर दुसऱ्यांना चालवण्याचं काम केलं, मला कोणी कसं चालवलं ते बघायला मान वर कधी केली? पण घरी आलो आणि एक गोष्ट अशी उसळून वर आली की हातातला चहा तसाच राहिला. ती सांगायची तर आधी थोडं चपलांबद्दल सांगावं लागेल.

आमचा मिशनचा दवाखाना भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेपासून फार लांब नाही. आवारात दवाखाना, चर्च, एक मोठी विहीर आणि कोपऱ्यात एक कौलारू खोली. ती चपलांची खोली. मला काम शिकवलं जोसेफमामांनी. मामा स्वतः जुने रुग्ण. त्यांच्या उजव्या हाताची बोटं अर्धी झालेली, तरी रबर कापायची सुरी ते मनगटाला पट्ट्यानं बांधून अशी चालवायचे की मी बघत राहायचो. पहिल्या दिवशी त्यांनी मला सुरी दिलीच नाही. रबराचे चार तुकडे समोर टाकले आणि अंगठ्यानं दाबायला लावलं.

"अंगठा अर्धा आत गेला पायजे," ते म्हणाले. "पूरा गेला त ते रबर महिन्याभरात बसते. गेलाच नाई त तो दगड आहे."

वर नरम रबर, खाली कडक तळ, मागे टाचेला पट्टा, आणि खिळा मात्र एकही नाही. सगळं शिवून किंवा चिकटवून. खिळा का नाही, हे मला दुसऱ्या आठवड्यात कळलं. करडी गावाकडचा एक शेतकरी आला. दारातून आत येईपर्यंत तो यंदा तलाव कसा भरला, धान कसा उभा आहे, हेच हसत सांगत होता. त्याच्या प्रत्येक पावलामागे फरशीवर लाल ठिपका उमटत होता. बाजारातल्या चपलेचा खिळा वर येऊन तळव्यात घुसला होता आणि तो त्याच पायानं स्टँडपासून चालत आला होता. मामांनी त्याला बसवलं, पक्कड घेतली, खिळा ओढून काढला. तो तलावाबद्दलच बोलत राहिला. मी बाहेर जाऊन विहिरीच्या काठावर बसलो. मामा मागून आले.

"दुखणं म्हणजे देवानं पायाले बसवलेला चौकीदार," ते म्हणाले. "याचा चौकीदार पळाला. आता तू हो."

त्या दिवसापासून मी या कामाला लागलो तो लागलोच.

गमतीही व्हायच्या. दिघोरीची कौशल्याबाई आमची काळी चप्पल घ्यायची, पिशवीत घालायची आणि अनवाणी घरी जायची. विचारलं तर म्हणाली, "ते काळी चप्पल पायात दिसली का सारा गाव समजते जी." तिचं खरं होतं. आम्ही पाय वाचवत होतो आणि माणसाला गावासमोर उघडं पाडत होतो. मी तिला तपकिरी रंगाची, पट्ट्यावर वेलबुट्टी काढलेली चप्पल करून दिली. ती तिनं भाचीच्या लग्नात घातली. पुढच्या आठवड्यात दिघोरीच्या तीन बाया खोलीच्या दारात हजर. रोगबीग काही नाही, त्यांना कौशल्याबाईसारखी चप्पल हवी होती. मी आणि मामा एकमेकांकडे बघून हसत सुटलो. त्यानंतर आमच्याकडची काळी चप्पल बंद झाली.

मामा गेल्यावर खोली माझ्याकडे आली. आणि मग आले नत्थूजी.

नत्थूजी मोहाडीचे. पन्नाशीचा, सडपातळ, पांढरा शर्ट कायम स्वच्छ असलेला माणूस. औषधाचा कोर्स कधीचाच पूर्ण झालेला, हात शाबूत, फक्त दोन्ही पाय बधिर. कार्डावर धंदा लिहिला होता मजुरी. त्यांच्या उजव्या तळव्याला, बोटांच्या मुळाशी, एक जखम होती. आमच्या डॉक्टरबाई ती साफ करायच्या, प्लास्टर घालायच्या, महिनाभरात जखम भरायची. मी नवी चप्पल द्यायचो. तीन महिन्यांनी नत्थूजी परत यायचे आणि जखम त्याच जागी, त्याच आकाराची. मी रबर बदललं, तळाला उंचवटा दिला, बोटांच्या मागे आधार दिला. चौथ्यांदा जखम घेऊन आले तेव्हा माझा तोल गेला. खोलीत सहा-सात माणसं बसलेली होती.

"नत्थूजी, तुमी चप्पल घालतच नाई," मी सगळ्यांसमोर म्हणालो. "आमी इथं मरमर करून राहिलो आणि तुमी खोटं बोलून राहिले."

त्यांनी पायातली चप्पल काढून माझ्यासमोर ठेवली. ती पुरती झिजलेली होती, रोज घातल्याशिवाय अशी झिजत नाही. हे मला दिसलं, पण दिसूनही मी शब्द मागे घेतले नाहीत. ते म्हणाले, "घालतो जी." एवढंच. मग हळूच चप्पल पायात सरकवली आणि गेले. त्यानंतर सात महिने आलेच नाहीत.

त्या सात महिन्यांत माझ्या घरात वेगळीच धामधूम चालली होती. नागपूरच्या एका कृत्रिम पाय बनवणाऱ्या केंद्रानं मला बोलावलं होतं. पक्की नोकरी, नवी यंत्रं, राहायला क्वार्टर, मुलीला मोठ्या शहरातली शाळा. माझी बायको रूथ खुश होती. मी तर त्याहून खुश. माझ्यासारख्या दहावी झालेल्या माणसाला कोणी नागपूरहून बोलावतं, ही गोष्ट मी चर्चच्या आवारात चारदा तरी कोणाकोणाला ऐकवली असेल. रोज सकाळी मी प्रार्थना करायचो की प्रभू, तुझी इच्छा असेल तर हे दार उघडच ठेव. रूथ एक दिवस भाजी चिरता चिरता म्हणाली, "तुमी देवाले विचारून राहिले का आपलं ठरवलेलं सांगून राहिले?"

मी चिडलो. तिचं म्हणणं लागलं होतं म्हणूनच चिडलो. तरीही होकाराचं पत्र मी पाठवलं. सोमवारी रुजू व्हायचं ठरलं.

त्याच्या आदल्या मंगळवारी सकाळी एक बाई ऑटोतून नत्थूजींना घेऊन आली. ती त्यांची बायको, सीताबाई. नत्थूजींना ताप होता, उजवा पाय घोट्यापर्यंत सुजलेला, आणि मलमपट्टी घरीच केलेली, जुन्या धोतराच्या फडक्याची. डॉक्टरबाईंनी एक्स-रे बघितला. पू हाडापर्यंत गेला होता. त्या म्हणाल्या, आता अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागेल, आणि हे पुन्हा झालं तर पुढच्या वेळी पाय. बोट त्याच दिवशी काढलं.

ते बोट माझ्या बोलण्यानं गेलं, असं मी आजही मानतो. त्या दिवशी चारचौघांत त्यांना खोटं पाडलं नसतं तर ते सात महिने घरी बसले नसते. डॉक्टरबाईंनी मला समजावलं, रूथनं समजावलं. पण मानतो ते मानतो.

गुरुवारी मी त्यांच्या खाटेजवळ गेलो आणि हात जोडून माफी मागितली. नत्थूजींनी माझे जोडलेले हात धरून खाली केले. मग म्हणाले, "शांतवनभाऊ, तुमी नागपूरले चालले म्हणतात. जाणाऱ्या माणसाले सांगाले हरकत नाई. पण कार्डावर लिहू नका."

ते मजूर नव्हतेच. ते विणकर होते. घरात पिढीजात हातमाग, आणि मागावर कोशाचं कापड. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, कोसा म्हणजे आमच्या भागातलं रानातलं रेशीम. पूजेला, लग्नाला, मुंजीला लोक ते पवित्र म्हणून नेसतात. नत्थूजींनी विणलेली धोतरं नेसून लोक देवापुढे बसत होते. विणणाऱ्याच्या पायाला काय होऊन गेलं हे कोणाला कळलं असतं, तर त्यांचं कापड कोणी घेतलं नसतं, आणि कदाचित सगळ्या आळीचंही घेतलं नसतं. म्हणून ते भंडाऱ्याला सोयऱ्याकडे जातो असं सांगून आमच्याकडे यायचे, मजूर म्हणून नाव लिहायचे. सीताबाईशिवाय हे कोणालाही ठाऊक नव्हतं.

माझ्या डोक्यात काहीतरी चमकलं. मी विचारलं, मागावर पाय काय करतात?

"पावडी दाबतात," ते म्हणाले. "दिवसभर."

मी डॉक्टरबाईंकडे गेलो आणि शुक्रवारची सुट्टी मागितली. कारण विचारलं तर म्हणालो, एक माग बघायचा आहे. नत्थूजींचं गुपित त्यांनाही सांगितलं नाही. ते पुढे नत्थूजींनी स्वतःच त्यांना सांगितलं.

शुक्रवारी सकाळी मोहाडीला पोचलो. सीताबाईंनी शेजाऱ्यांना सांगून ठेवलं होतं की मागाचं लाकूड बघायला माणूस येणार आहे. मी चपला बाहेर काढल्या. सीताबाई म्हणाल्या, बरं केलं, मागाजवळ चप्पल चालत नाही, दर सणाला आम्ही त्याची पूजा करतो. आणि मी उंबऱ्यातच थांबलो. माझी चप्पल नत्थूजी घराच्या दारापर्यंत इमानानं घालत होते. दाराच्या आत, जिथं त्यांचा पाय दिवसाचे आठ तास राबत होता, तिथं ती कधी जाऊच शकत नव्हती. मी इतकी वर्षं प्रत्येकाला विचारलं होतं, किती चालता? कुठं चालता? माणूस बसल्यावर त्याचा पाय काय करतो, हे कधी विचारलंच नव्हतं.

नत्थूजींचा माग खड्ड्याचा. विणकर खड्ड्याच्या कडेला बसतो आणि पाय खाली सोडतो. तिथं लाकडाच्या दोन अरुंद फळ्या, त्या पावड्या. एक दाबली की ताण्याचे, म्हणजे उभे, अर्धे धागे वर जातात, मधून आडव्या धाग्याचा धोटा सरकतो. मग दुसरी दाबायची. उजवी पावडी मी हात लावून बघितली. लाकडाची धार झिजून काचेसारखी झाली होती, आणि ती बरोबर बोटांच्या मुळाशी लागत होती. त्याच जागी. मी खड्ड्यात पाय सोडून बसलो आणि अनवाणी पायानं पावडी दाबू लागलो. अर्ध्या तासात माझा तळवा ठणकायला लागला, तासाभरात मला बसवेना. माझा चौकीदार जागा होता, म्हणून मी थांबलो. नत्थूजींना थांबवणारं कोणी नव्हतं.

आणि तिथंच, त्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला असताना, मला सुचलं. पायाला चप्पल चालत नाही ना? मग पावडीला घालू. मी इतक्या जोरात हसलो की सीताबाई आतून बाहेर आल्या. मला काय झालं ते त्यांना सांगताना माझी जीभ अडखळत होती. चर्चमध्ये लोक उठून साक्ष देतात की मला प्रभूनं दाखवलं, तेव्हा मी मनात थोडा शंकेखोर असायचो. त्या दिवसापासून नाही.

पण दाखवलं म्हणजे जमलं, असं होत नाही. शनिवारी मी पावडीवर नरम रबराची पट्टी चिकटवली आणि सीताबाईंना दाबून बघायला सांगितलं, कारण नत्थूजी अजून खाटेवर होते. पाय घसरला. पावडी पुरती खाली जाईना, धागे अर्धेच उघडले, धोटा अडकला, चार धागे तुटले. सीताबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. कोशाचा धागा म्हणजे केसासारखा. त्या तुटलेले धागे जोडत बसल्या. मी परत आलो ते एकच ठरवून की चूक रबराची नाही, फळीची आहे. फळी रुंद हवी, पूर्ण तळवा टेकेल अशी, म्हणजे जोर एका जागी पडणार नाही. वरून मागावरचंच सुती कापड, म्हणजे पाय घसरणार नाही आणि मागाला काही विटाळ वाटणार नाही. मी आधीच्या चपलेसाठी घेतलेला नत्थूजींच्या पायाचा प्लास्टरचा साचा काढला आणि रविवारी उपासना झाल्याबरोबर सागाची फळी घेऊन खोलीत बसलो. साच्यावर ठेवून कोरायची, पुन्हा ठेवायची, पुन्हा कोरायची. संध्याकाळी रूथ चहा घेऊन आली. सामान बांधून दारात ठेवलेलं होतं.

ती म्हणाली, "उद्या गाडी किती वाजताची?"

मी म्हणालो, "उद्या सकाळी मला मोहाडीले जायचं आहे."

ती खाली बसली, साचा हातात घेऊन उलटा-पालटा केला. तिला नागपूर हवं होतं, हे मला ठाऊक होतं. घरातल्या प्रत्येक भांड्याला तिनं कागद गुंडाळला होता. ती म्हणाली, "म्हणजे उत्तर भेटलं म्हणा."

मला कुठलाही आवाज ऐकू आला नव्हता, कुठलंही चिन्ह दिसलं नव्हतं. फक्त फळी अर्धी कोरलेली होती आणि ती टाकून मला जाता येत नव्हतं. नागपूरला मी नकाराचं पत्र पाठवलं. तिथल्या साहेबांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मुलगी इथल्याच शाळेत शिकली, पुढे नर्स झाली, पण त्या वर्षी चार दिवस माझ्याशी बोलली नाही. रूथनं भांड्यांचे कागद एकेक करून सोडले. एखाद्या वेळी नागपूर मनात येतंच. नाही येत म्हणालो तर खोटं होईल.

सोमवारी सकाळी नवी पावडी बसवली. सीताबाईंनी पाय ठेवला, दाबला. धागे पूर्ण उघडले. धोटा सर्रकन पलीकडे गेला. त्यांनी दुसरी पावडी दाबली, पुन्हा पहिली, पुन्हा दुसरी, आणि मग थांबायचं नावच घेईनात. चार बोटं कापड विणून झाल्यावर त्यांनी पदरानं डोळे पुसले. मी मात्र खाली वाकून पावडीच बघत होतो, अंगात नुसतं वारं भरलं होतं.

दीड महिन्यानं नत्थूजी मागावर बसले. तीन महिन्यांनी तळवा कोरा. सहा महिन्यांनी कोरा. वर्षानंतरही कोरा. दर वेळी मी तो पाय मांडीवर घेऊन बघायचो आणि आम्ही दोघं उगाच हसायचो.

गोष्ट इथं संपली असती तरी मी ती आनंदानं सांगितली असती. पण एक दिवस नत्थूजी तारखेआधीच आले. पाय ठीक होता. ते माझ्या समोरच्या बाकावर बसले आणि म्हणाले, "एक गोष्ट दिसली. नसती दिसली त बरं झालं असतं."

त्यांच्या शेजारी मधुकरजी राहायचे, तेही विणकर. त्यांच्या घरी नवी सून आली होती, वर्षा. सकाळी नत्थूजी त्यांच्या ओसरीत बसलेले असताना वर्षानं चुलीवरचा उकळता चहाचा गंज, म्हणजे पातेलं, नुसत्या हातानं उचलून आणला. ना फडकं, ना सांडशी. सगळ्यांना चहा गाळून दिला. सासू म्हणाली, आमच्या सुनेचा हात लोखंडाचा आहे. सगळे हसले. नत्थूजी हसले नाहीत. त्यांनी तिच्या बोटांवरचे फोड बघितले आणि मनगटाजवळचा फिकट चट्टा बघितला. त्यांनी लगेच ओळखलं. वीस वर्षांपूर्वी त्यांचीही सुरुवात अशीच झाली होती.

"तुमी सांगा ना त्याइले," ते मला म्हणाले. "तुमी दवाखान्यातले."

मी म्हणालो, मी सांगेन. पण ते विचारतील, तुला कोणी सांगितलं? मला ना खोटं बोलता येईल, ना तुमचं नाव घेता येईल. उशीर केला तर तिची नस मरेल, मग औषधानं रोग जाईल पण हात परत येणार नाही. लवकर आली तर हात वाचेल. हे मी त्यांना सगळं सरळ सांगितलं. डॉक्टरबाईंनाही आम्ही बोलावून घेतलं आणि त्या दिवशी नत्थूजींनी त्यांना पहिल्यांदा आपला खरा धंदा सांगितला. त्यांनीही तेच म्हटलं, महिन्यांचा नाही, आठवड्यांचा प्रश्न आहे.

डॉक्टरबाई गेल्यावर नत्थूजींनी मला विचारलं, "तुमी त प्रार्थना करता. तुमचा देव काय म्हणते?"

मी खरं तेच सांगितलं. म्हणालो, "मले काही ऐकू नाई आलं. पण मी सोबत येतो. तुमी बोलले त बाजूले उभा राहीन, नाई बोलले तरी तुमच्यासंगंच परत येईन."

ते उठले. आम्ही दोघं माझ्या स्कूटरवर मोहाडीला गेलो. मी सगळी वाट मनात प्रार्थना करत होतो. हा माणूस बोलला तर आळीत त्याचं काय होईल हे मला ठाऊक होतं, आणि नाही बोलला तर त्या मुलीचं काय होईल हेही ठाऊक होतं.

मधुकरजींच्या ओसरीत चार-पाच जण बसले होते. नत्थूजी आत गेले, मोजा काढला आणि एक बोट नसलेला पाय सगळ्यांसमोर ठेवला.

"मले महारोग झाला होता," ते म्हणाले. "वीस वर्षं होऊन गेले. औषधानं गेला. मधुकर, तुया सुनेले तोच आहे. तिचा हात अजून वाचते. आज ने."

मधुकरजींचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. त्यांची बायको आत निघून गेली. ओसरीतले दोघे उठून गेले. मधुकरजी म्हणाले, "आता जा नत्थू." आम्ही निघालो. नत्थूजी आपल्या घरात गेले, मागावर बसले आणि विणायला लागले. मी बाहेरच्या पायरीवर बसून धोट्याचा आवाज ऐकत राहिलो. तो आवाज थांबला असता तर मला सहन झालं नसतं.

तीन दिवस आळीत त्यांच्याशी कोणी बोललं नाही. व्यापाऱ्याचा माणूस ठरलेलं कापड घ्यायला आला आणि दारावरूनच परत गेला. चौथ्या दिवशी सकाळी आमच्या आवारात एक मोटरसायकल आली. पुढं मधुकरजींचा मुलगा, मागं वर्षा, आणि त्यांच्यामागून सायकलवर घामाघूम झालेले मधुकरजी.

तपासणी झाली, औषध सुरू झालं. त्या आठवड्यात मधुकरजी स्वतः व्यापाऱ्याकडे गेले. तिथं ते काय बोलले हे मला सीताबाईंकडून कळलं. ते म्हणाले, नत्थूचं कापड घ्यायचं नसेल तर माझंही घेऊ नका, माझ्याही घरात तेच आहे. व्यापारी डॉक्टरबाईंशी फोनवर बोलला. बरा झालेल्या माणसाकडून, आणि औषध सुरू असलेल्याकडूनही, कापडातून काही लागत नाही हे त्यांनी त्याला नीट समजावलं. कापड जायला लागलं. पुढच्या चार महिन्यांत त्याच आळीतून आणखी दोन माणसं आपणहून आमच्याकडे आली. त्यांतला एक जण सहा वर्षं लपवत होता. तो आला तेव्हा म्हणाला, मलेही ते पावडी पायजे.

मी अशा नऊ पावड्या केल्या. निवृत्त झालो तेव्हा सगळ्या चालू होत्या.

वर्षाच्या शेवटच्या तपासणीला नत्थूजी आले होते, पण आत जायला तयार नव्हते. आम्ही दोघं खिडकीबाहेरच्या बाकावर बसलो. आत डॉक्टरबाईंनी वर्षाला डोळे मिटायला सांगितले आणि कापसाच्या बारीक टोकानं तिच्या बोटांना हलकेच स्पर्श करू लागल्या. लागलं की सांगायचं. पहिल्या तपासणीत ती गप्प बसून राहिली होती. आता आतून आवाज आला, "हो." थोड्या वेळानं, "हो." मग, "इथंही." नत्थूजी मान खाली घालून ऐकत होते. प्रत्येक "हो"ला त्यांचा हात माझ्या हातावर घट्ट होत होता.

ती बाहेर येण्याआधी ते मला म्हणाले, "शांतवनभाऊ, तुमच्या देवाले सांगा माझ्याकडून."

मी तोवर कधीही मोठ्यानं प्रार्थना केली नव्हती. चर्चमध्ये पाळकांनी बोलावलं तरी मी खाली बघायचो, कारण प्रार्थनेची ती शुद्ध भाषा मला येत नाही. त्या बाकावर मी डोळे मिटले आणि माझ्या घरच्या बोलीत जे आलं ते बोललो. काय बोललो ते पूर्ण आठवत नाही. आमेन म्हणून डोळे उघडले तर नत्थूजी अजून हात जोडूनच बसले होते.

"माझं नाव सांगतलं का?" त्यांनी विचारलं.

"हो जी, सांगतलं."

"गावाचं?"

"ते नाई सांगतलं."

"मंग सांगा ना," ते म्हणाले. "नत्थू लय आहेत."

मी पुन्हा डोळे मिटले आणि गावाचं नाव सांगितलं.